पुढच्या वाडीत विचारा

१९४२ चा ऑगस्ट सरत आला तेव्हा सातारा जिल्ह्यात रात्री तारा तुटू लागल्या. दिवसभर शेतात राबलेली पोरं अंधार पडला की खांबावर चढत, तार तोडून खाली टाकत आणि कोंबडं आरवायच्या आत आपल्या गोठ्यात येऊन निजत. सकाळी पोस्टातला तारमास्तर यंत्रासमोर बसे आणि यंत्र मुकं असे.

या गोष्टीची एक बाजू पुष्कळदा सांगून झाली आहे. सरकारचा निरोप अडला, साहेब बावचळला, इंग्रजी राज्याची शीर दाबली गेली. मला दुसऱ्या बाजूनं झपाटलं आहे. तार तोडणाऱ्यांचा तरी निरोप कसा जात होता? टपाल सरकारचं, तार सरकारची, रेल्वेच्या स्टेशनावर पोलीस. आणि ज्यांना निरोप पोचवायचा ती माणसं एका जागी दोन रात्री टिकत नव्हती. आज तासगावकडच्या मळ्यात, परवा कृष्णेपलीकडे वाळव्यात, पुढच्या आठवड्यात शिराळ्याच्या रानात. घर नाही, पत्ता नाही, परतायची वेळ नाही. अशा हलत्या माणसांना एकमेकांशी जोडून ठेवायचं, तेही साडेतीन-पावणेचार वर्षं, आणि त्या जोडणीवर गावोगाव न्यायनिवाडे चालवायचे, दारूबंदी करायची, साधी लग्नं लावायची, खजिने लुटायचे. हे सातारा-सांगलीच्या मातीत घडलं. इतिहासात त्याला प्रतिसरकार म्हणतात. लोकांच्या तोंडी ते पत्री सरकार.

आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा, कारण आजचा सांगली जिल्हा त्या वेळी नव्हता. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हा मुलूख ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगलीचं नाव मिळालं. खुद्द सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होतं, मिरजेचं संस्थान वेगळं. फलटण निंबाळकरांचं, जत डफळ्यांचं. कुंडल आणि आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींकडे. वारणा ओलांडली की कोल्हापूर दरबारची हद्द. गोधडीला ठिगळं असावीत तसा हा मुलूख. ब्रिटिशांच्या फौजदाराला हद्द ओलांडायची तर दुसऱ्या दरबाराची मर्जी सांभाळावी लागे. पाणंदीला आणि पायवाटेला हद्द माहीत नव्हती.

त्यातही औंधची तऱ्हा निराळी होती. राजे भवानराव यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं आपल्या संस्थानाला नवी घटना दिली होती आणि कारभार गावपंचायतींकडे सोपवला होता. म्हणजे कुंडलच्या लोकांना पंचांपुढे बसून आपला निवाडा आपण करायची सवय प्रतिसरकारच्या आधीपासून होती. कुंडल या चळवळीचं काळीज का झालं, याचं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. उरलेलं अर्धं गावामागच्या डोंगरात आहे.

सुरुवात मात्र मोर्चांनी झाली. मुंबईच्या गवालिया टँकवर ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि सातारा जिल्ह्यातले लोक तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून गेले. २४ ऑगस्टला कराड, बाळकृष्ण पाटील उंडाळकर पुढे. ३ सप्टेंबरला तासगाव. तिथपर्यंत निभावलं. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसं जागेवर पडली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळ्या सुटल्या; किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. मोर्चाला ठिकाण असतं, वार असतो, वाट असते. ते जसं लोकांना ठाऊक तसंच पोलिसांनाही. दोन दिवसांत दोन गावी रक्त सांडल्यावर उघड चालून जाण्याचा रस्ता बंद झाला आणि माणसं भूमिगत झाली.

भूमिगत झाली म्हणजे काय झालं, हे प्रतिसरकारच्या नाना पाटलांकडे पाहिलं की कळतं. येडेमच्छिंद्रचा हा माणूस, जन्म १९०० सालचा. पूर्वी तलाठी होता आणि १९३० च्या चळवळीत त्यानं ती नोकरी सोडली. तलाठ्याला शिवार माहीत असतं. कोणत्या गटाची बांधवाट कुठे निघते, ओढ्याला पावसाळ्यात कुठे उतार मिळतो, कोणत्या भावकीचं कुणाशी वाकडं आहे. पुढे पंधरा वर्षांनी लोकांनी त्यांना खासदार म्हणून दिल्लीला पाठवलं. पण १९४२ साली त्यांच्याजवळची खरी पुंजी ही होती. त्यांचं घरदार, जमीन सरकारनं जप्त केली. एका अर्थी सरकारनंच त्यांचा पत्ता पुसून टाकला.

मग कुणी नवखा माणूस निरोप घेऊन आला आणि विचारलं, "नाना कुठं हायती?" तर उत्तर काय मिळत असेल? ज्याला विचारलं त्याला ते खरोखरच ठाऊक नसे. त्याला एवढंच ठाऊक असे, की काल संध्याकाळी चार माणसं पलीकडच्या वाडीकडे गेली. "आमाला काय म्हाईत, पावनं? फुडच्या वाडीत इचारा." ही थाप नव्हती. सगळी व्यवस्थाच या एका वाक्यावर उभी होती. कुणाकडेही सगळा नकाशा नाही. प्रत्येकाकडे फक्त पुढचं एक पाऊल. एका माणसाला पकडून मारलं तरी त्याच्या पोटातून एकाच वाडीचं नाव निघणार, आणि तोवर त्या वाडीतले लोक उठून गेलेले.

त्याच काळात मुंबईत दुसरा प्रयोग चालला होता. उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर पहिला आवाज उमटला. मागे राममनोहर लोहिया, यंत्रसामग्रीला शिकागो रेडिओचे नानक मोटवाणी. यंत्र एका जागी ठेवलं तर पोलिसांच्या शोधगाड्या लहरींचा माग काढत येतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते प्रक्षेपक घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिले. धाडस अपार होतं. तरीही १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि उषा मेहता पकडल्या गेल्या. अडीच महिने. जागा बदलत होती, पण आवाज निघायचा तो एकाच यंत्रातून, आणि ते यंत्र जिथे असेल तिथून तो चारी दिशांना ओरडून आपला ठावठिकाणा सांगायचा. सातारकरांकडे यंत्र नव्हतं. त्यांचा निरोप एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जात होता आणि मध्ये हवेत काहीच उरत नव्हतं.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या मनातून जात नाही. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण तेव्हा एकोणतीस-तीस वर्षांचे, जिल्ह्याच्या भूमिगत कामाचे एक म्होरके. लग्न जून १९४२ मधलं. दोन महिन्यांत घर सोडलेलं. पोलिसांनी त्यांच्या नवपरिणीत पत्नीला, वेणूताईंना, तुरुंगात टाकलं. पुढे त्या फलटणला माहेरी आजारी पडल्या. यशवंतराव त्यांना भेटायला गेले आणि तिथे १९४३ साली पकडले गेले. महिनोन्‌महिने रानावनात पोलिसांच्या हाती न लागलेला माणूस बायकोच्या माहेरी सापडला. ज्या एका उंबऱ्यावर तो कधीतरी येणारच, हे पोलिसांना सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. हलत्या माणसाच्या आयुष्यात उरलेली ती एकच न हलणारी जागा होती. त्यांच्या जागी कोणीही असतं तरी गेलं असतं.

निरोपाच्या या वाटा पाडल्या कुणी? कोणत्या समितीनं कागदावर आखलेल्या त्या नव्हत्या. त्या आधीच होत्या. लेक दिलेलं गाव, सून आणलेलं गाव, बैलाच्या बाजाराचं गाव, जत्रेचं गाव, मोटेच्या नाडा-सोंदुराचं सामान मिळायचं ते पेठेचं गाव. माहेरवाशीण बुट्टी डोक्यावर घेऊन चालली तर तिला कोण अडवणार? भाकरीच्या फडक्यात चिठ्ठी असली तरी ती दिसते भाकरीच. मेंढरं घेऊन माण-खटावकडून उतरलेला धनगर चार महिने चार तालुके फिरतो, त्याच्या फिरण्याचा संशय येत नाही. कृष्णेवरचा नावाडी दोन्ही काठांची माणसं ओळखतो. फिरते शाहीर, कीर्तनकार हे तर बोलून चालून निरोप्ये. शाहीर शंकरराव निकमांच्या आवाजाला गर्दी जमायची आणि त्या गर्दीतून बातमी आपल्या पायांनी घरोघर जायची. पेशवाईतल्या कागदांत कासीद जोडीचा उल्लेख येतो, म्हणजे एक पत्र घेऊन दोन माणसं निघत. एक पडला तर दुसरा पोचेल. हे शहाणपण या मुलखात जुनं आहे.

आणि मुक्काम. भूमिगत माणूस खातो, झोपतो, आजारी पडतो. चार जणांना रोज रात्री भाकरी घालायची तर १९४३ सालच्या टंचाईत ते कुठल्या कुणब्याला परवडणार होतं? युद्धानं धान्य महाग, रॉकेल मिळेना. एकाच घरावर भार पडला तर ते घर आठवड्यात उपाशी पडलं असतं आणि त्याच्या चुलीचा धूर अवेळी निघताना शेजाऱ्याला दिसला असता. म्हणून आज या मळ्यात, उद्या त्या वस्तीवर. भार फिरता ठेवणं ही काटकसर होती आणि सुरक्षाही.

आता थोडा वेळ या मुलखातून बाहेर पडतो, आणि पुन्हा इथेच येतो.

दूरसंचाराच्या इंजिनिअरांपुढे हाच प्रश्न पुढे आला. १९६४ साली अमेरिकेत पॉल बॅरन यांनी लिहिलं की मध्यवर्ती केंद्र असलेलं जाळं युद्धात टिकणार नाही; धागे असे विणा की एखादी गाठ तुटली तरी निरोप दुसऱ्या वाटेनं जाईल. १९७० च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्यानं रेडिओवरून निरोपाचे तुकडे पाठवायचे प्रयोग केले. २२ नोव्हेंबर १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निरोप निघाला, तीन निरनिराळ्या जाळ्यांतून, अटलांटिक ओलांडून जाऊन परत लॉस एंजेलिसच्या बाजूला उतरला. इंटरनेटच्या जन्मकथेत त्या धावत्या गाडीला मानाचं पान आहे.

पण त्या व्हॅनच्या आसपास बाकीची केंद्रं बरीचशी स्थिर होती. सगळेच हलत असले तर? सैनिकांच्या पाठीवरचे संच, शेतातल्या ट्रॅक्टरवरची यंत्रं, जनावरांच्या गळ्यातले पट्टे, मोबाइल, मोटारी, ड्रोन. मनोरा नाही, मालक नाही. ज्याच्या हाताला जो लागेल तो शेजारी, आणि तो शेजारीही दोन मिनिटांत दूर जाणार. अशा जाळ्यात निरोपाची वाट कशी काढायची?

पहिलं उत्तर असं, की प्रत्येकानं सगळ्यांची यादी ठेवावी आणि ती सतत ताजी करत राहावी. १९९४ साली चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी या पद्धतीतला मोठा दोष काढला. जुनी बातमी फिरत फिरत नव्यासारखी परत येते आणि निरोप गोल गोल भटकत राहतो. त्यांनी प्रत्येक बातमीला क्रमांक लावला. मोठा क्रमांक म्हणजे ताजी बातमी, लहान क्रमांकाची टाकून द्यायची. आमच्याकडे याला क्रमांक लागत नव्हता. "काल तिन्हीसांजेला गेले" आणि "आज पहाटं गेले" यातलं कोणतं धरायचं, हे पोराटोरालाही कळत होतं.

तरी सगळ्यांची यादी ठेवण्यात शक्ती फार जाते. उपकरणाची बॅटरी निरोप पोचवण्यापेक्षा यादी पुसण्या-लिहिण्यातच संपते. म्हणून १९९९ मध्ये पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी दुसरी रीत मांडली. गरज पडेल तेव्हाच विचारायचं. शेजाऱ्याला विचार, तो त्याच्या शेजाऱ्याला विचारेल, ज्याला ठाऊक असेल तो उलट्या वाटेनं सांगत येईल, आणि प्रत्येकानं आपल्या पुढचं फक्त एक पाऊल लक्षात ठेवायचं. वापर थांबला की तेही विसरून जायचं. २००३ साली ही रीत प्रायोगिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा पान मिटून काही वेळ बसून राहिलो. पुढच्या वाडीत विचारा. दुसरं काय होतं ते?

भाकरीचंही तसंच. सन २००० मध्ये वेंडी हाइन्झलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी लहान संवेदक यंत्रांसाठी एक पद्धत सुचवली. गटातल्या एकाच यंत्रानं सगळ्यांचे निरोप गोळा करून पुढे धाडले तर त्याची बॅटरी आधी मरते. म्हणून म्होरकेपण फिरतं ठेवायचं, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. कुणा एका घराची चूल विझू नये, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी कुंडलचा इतिहास वाचला होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अडचण एकच होती, म्हणून उत्तरं जवळजवळ आली. फरक एवढाच की इथे प्रत्येक गाठीच्या जागी एक जिवंत माणूस होता, आणि चूक झाली तर निरोप हरवून भागत नव्हतं, माणूस जात होता.

१९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत हे जाळं किती घट्ट झालं होतं, ते शेणोलीला दिसलं. ७ जून १९४३. पुणे-मिरज मार्गावर, कराडच्या दक्षिणेला शेणोली. गाडीत नोकरांच्या पगाराची रक्कम आहे, ही बातमी रकमेच्या आधी पोचली होती. कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, यांची माणसं रुळांच्या कडेला दबा धरून बसली. हत्यारं म्हणजे काठ्या, कोयते आणि थोडे गावठी बॉम्ब. रुळांवर दगडांची रास रचली होती. गाडी थांबली, आणि ती मागे सरकू नये म्हणून लगोलग मागेही दगड रचले गेले. किती साधी गोष्ट, आणि किती विचार त्यात. गाडीला दोनच दिशा असतात. दोन्ही बंद केल्या की इंजिनाची सगळी ताकद व्यर्थ. लुटणाऱ्यांना मात्र जेवढ्या बांधवाटा तेवढ्या दिशा. ही माणसं प्रतिसरकारच्या तुफान सेनेची. पुढे या सेनेत आझाद हिंद सेनेतून आलेले शिक्षकही कवायत शिकवू लागले. त्यांतले नानकसिंग आणि वाळव्याच्या गटातले किसन अहीर फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याच्या बाजूला मणदूरच्या चकमकीत पडले.

शेणोलीनंतर दीड महिन्यात, २४ जुलैला, सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन तटावरून खंदकात उड्या टाकून पळाले. भर दिवसा. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना गोळ्या लागून मरण आलं, दादांच्या खांद्यात गोळी शिरली आणि ते पुन्हा पकडले गेले. तट ओलांडणं जमलं, पण तटाबाहेर त्यांना रानात मिसळून टाकणारी वाट त्या दिवशी नव्हती. शहरात पुढची वाडी नसते. पुढच्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, याच मुलखातली माणसं खानदेशात धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याला पोचली आणि सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख रुपये घेऊन नाहीशी झाली. उत्तमराव पाटलांचा खानदेशातला गट आणि कुंडलचा गट यांच्यामध्ये शंभरांवर कोसांचं अंतर. तेही निरोपांनीच बांधलेलं.

या सगळ्यांत मला सगळ्यांत जवळची वाटते ती गोष्ट एका मुलीची आहे.

हौसाबाई, नाना पाटलांची लेक, जन्म १९२७ चा. आई लहानपणीच गेली. बाप भूमिगत, घर जप्त. १९४३ साली भवानीनगरला पोलीस चौकीसमोर एक माणूस आपल्या बायकोला मारत सुटला. ओढाताण, शिव्या, किंकाळ्या. शेवटी त्यानं तिच्या डोक्यात घालायला दगड उचलला. चौकीतले पोलीस सोडवायला धावत बाहेर आले. तेवढ्यात मागून आलेल्यांनी चौकीतल्या बंदुका उचलल्या. मार खाणारी ती हौसाबाई, मारणारा चळवळीतला सोबती. मार खोटा वाटू नये म्हणून त्यानं खराच मारला, आणि त्याबद्दल ती पुढे कितीतरी वर्षं तक्रार करत राहिली.

पुढच्या वर्षीची गोष्ट गोव्याची. हत्यारं आणताना बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले आणि पणजीच्या तुरुंगात पडले. त्यांना सोडवायचा बेत आत पोचवायचा होता. हौसाबाईंचं वय सतरा. ती बहीण म्हणून भेटायला गेली. झडती झाली असेल, पिशवी उलटी केली असेल, पदर झटकला असेल. चिठ्ठी अंबाड्यात होती. केसांच्या वेढ्यात घडी घातलेला एक कागद, त्यावर एका माणसाच्या सुटकेची वाट लिहिलेली, आणि तो कागद डोक्यावर घेऊन ती मुलगी परक्या राज्याच्या पहाऱ्यातून चालत गेली. परतताना नाक्यावरच्या रस्त्यानं यायची सोय नव्हती. रात्री मांडवी ओलांडायची तर नाव नाही. एक मोठी लाकडी पेटी पाण्यात सोडली, तीवर ती पालथी पडली आणि सोबती पोहत ती पेटी ढकलत पलीकडे नेत राहिले. मग रानातून पायी.

या प्रसंगाकडे मी निरोपाच्या बाजूनं पाहतो. एवढा सगळा खटाटोप दोन-चार ओळींसाठी. त्या ओळी पोचल्या म्हणून पुढची हालचाल झाली. सर्वांत कमी वजनाचा माल, आणि तो वाहून नेणाऱ्याचा सगळा जीव पणाला.

जाळ्याला खरा धोका पोलिसांचा कमी आणि फितुराचा जास्त. हलत्या जाळ्यांवर काम करणारे अभियंते एका हल्ल्याला कृष्णविवर म्हणतात. कुणी वाट विचारली की एक गाठ झटकन पुढे होऊन सांगते, "माझ्याकडून या, मीच जवळचा." निरोप तिच्याकडे जातो आणि तिथेच गिळला जातो. प्रतिसरकारच्या काळात असा माणूस म्हणजे खबऱ्या. "मी पोचवतो नानांना, आणा इकडं," म्हणणारा आणि मग फौजदाराकडे जाणारा. त्याच्यासाठी, आणि अंधाराचा फायदा घेऊन लुटालूट करणाऱ्या दरोडेखोरांसाठी, जी शिक्षा होती तिनंच पत्री हे नाव दिलं. पायाच्या तळव्यांवर मार. शिक्षा क्रूर होती, आणि तिच्यामागच्या न्यायाबद्दल तेव्हाही कुरबूर होती. पण तळवेच का, हे मला कळतं. ज्या मुलखात सगळा कारभार पायांवर चालला होता, तिथे पाय काढून घेणं म्हणजे माणसाला जाळ्यातून काढून टाकणं. 

१९४५ साली कुंडलला बापू लाडांचं लग्न झालं. हुंडा नाही, वाजंत्री नाही, गांधी पद्धतीचं लग्न. सरकारला हवा असलेला माणूस आपल्याच गावात हजारो लोकांसमोर बोहल्यावर उभा. ठिकाण आणि वेळ गावोगावच्या लोकांना ठाऊक होती. म्हणजे हजारो कानांत गेलेली बातमी योग्य त्या कानांतच गेली. मोर्चांच्या १९४२ सालापासून लोक किती पुढे आले होते, हे मोजायचं तर मी या लग्नाकडे बोट दाखवीन. ठिकाण आहे, वार आहे, गर्दी आहे, आणि या वेळी पोलीस आले नाहीत.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, पकड वॉरंटं मागे घेतली गेली आणि नाना पाटील उघड्यावर आले. जाळं कुणी गुंडाळलं नाही. ते वापरात राहिलं नाही, एवढंच. बायका पुन्हा नुसत्या भाकरी घेऊन शेतावर जाऊ लागल्या.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर चढलं तेव्हा ते जाळं मला आठवत होतं. वीज गेली, कितीतरी ठिकाणी मोबाइलचे मनोरे बंद पडले, हातातले फोन काळे झाले. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली पाण्यात अडकलेली गावं म्हणजे तीच गावं, ज्यांच्या बांधांवरून एकेकाळी निरोप रात्रीतून आठ कोस जात होता. बोटीतून कुणी आलं की माणसं विचारत, आमच्या गल्लीतलं कुणी दिसलं का? तो सांगे, मी नाही बघितलं, पण पुढच्या शाळेत विचारा, तिथे लोक आणलेत.

केंद्र सरकारनं १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केलं. त्यासाठी सहा महिने तुरुंगात असल्याचा दाखला लागे, बायकांना तीन महिन्यांचा. भूमिगत होतो म्हणणाऱ्यानं आपण फरारी जाहीर झालो होतो, किंवा डोक्यावर इनाम होतं, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघाला होता, याचा कागद दाखवायचा. कृष्णाकाठच्या त्या बायका, ते मेंढके, ते नावाडी यांच्यापैकी ज्यांनी काम सर्वांत चोख केलं त्यांच्यावर कधी संशयच आला नव्हता. त्यांच्या नावाचं वॉरंट निघालं नव्हतं, इनाम लागलं नव्हतं, तुरुंगाच्या वहीत त्यांचा अंगठा उमटला नव्हता. कचेरीतल्या टेबलापुढे उभं राहून दाखवावा असा कागद त्यांच्याजवळ एकही नव्हता.